खारा वारा आणि बॉनेट

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि समुद्रावरचा खारा वारा त्याची ओल गाडीच्या पुढच्या जाळीतून थेट आत नेतो. बॉनेटचं लॉक बसवलेलं असतं नेमकं त्या जाळीच्या मागे, रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर. गाडी पावसाळाभर माडाखाली उभी राहिली, की गणपतीच्या तोंडावर पाणी-ऑईल बघायला जावं आणि बॉनेट उघडूच नये, हे आमच्याकडे ठरलेलंच. लिव्हर हाताशी येते, पण ओळखीचा ‘खट्‌’ आवाज काही येत नाही.

अशा वेळी हात आपसूक जोर लावू लागतो. तो आवरायला हवा. लिव्हरपासून लॉकपर्यंत नळीतून सरकणारी पोलादी तार असते; सायकलच्या ब्रेकला असते तशीच. अर्नेस्ट बोडेन यांनी या केबलचं पेटंट १८९६ साली घेतलं. तार नळीत गंजून धरली, की आपला सगळा जोर प्लास्टिकच्या लिव्हरवर येतो आणि ती मोडते. मोडलीच, तर उरलेलं तारेचं टोक पकडीत धरून हळू ओढता येतं.

मिस्त्री मात्र आधी बॉनेटकडे जातो. “काका, तुम्ही आत बसा. मी सांगेन तेव्हा ओढा, आणि धरून ठेवा.” दोन्ही तळवे तो लॉकच्या बरोबर वर ठेवतो आणि अंगाचा भार हलकेच खाली देतो. जे वर उचलायचं ते आधी दाबायचं, हे बघताना मला दर वेळी नवल वाटतं. खालची स्प्रिंग आणि कडेचे रबरी ठोकळे बॉनेटला सतत वर ढकलत असतात; त्या ताणाने आकडा लॉकच्या दातात घट्ट रुतलेला असतो. भार पडला की रुतलेलं सैल होतं, तारेची ओढ पुरते, आणि पत्रा बोटभर वर येतो.

मग त्या फटीत बोटं घालून दुसरी कडी चाचपायची. वेगात पहिलं लॉक सुटलंच, तर बॉनेट काचेवर उलटू नये म्हणून ती ठेवलेली. ती बसवणाऱ्या माणसाचे मला मनापासून आभार मानावेसे वाटतात.

इतकं करूनही नाही उघडलं, तर खालून किंवा जाळीतून लॉकपर्यंत पोचावं लागतं. तेव्हा इंजीन पूर्ण थंड हवं. काही गाड्यांत चावी काढल्यावरही रेडिएटरचा पंखा अचानक फिरू लागतो.

उघडल्यावर मिस्त्री लॉकमधला लाल चिखल खरवडतो, गंज सोडवणारं तेल फवारतो, फडक्याने पुसतो आणि बोटाने ग्रीस भरतो. उघड्या लॉकवर लिव्हर दोनतीनदा ओढायला लावून तारेची चाल बघतो.

“लॉक चांगलंय. केबल तेवढी बदलून घ्या काका, ही पुढचा पाऊस काढणार नाही.”