ओलीशी जुळवून घेणारी न्हाणी

फोंडा तालुक्यात जुलैमध्ये पाऊस घराबाहेर पडतो आणि घराच्या आत मुरतो. सावईवेरे, केरी, प्रियोळ या बाजूची जुनी घरं कुळागरांत बुडालेली. पोफळी, माड, मिरीचे वेल आणि मधून झुळझुळणारे पाट. उन्हाळ्यात हा गारवा हवाहवासा वाटतो. पावसाळ्यात मात्र पापड दुपारपर्यंत मऊ पडतात आणि चामडी पट्ट्यावर चार दिवसांत पांढरी बुरशी चढते. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

आमचं घर याच भागातलं. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतलं पाणी वर ओढून घेतो. तरी जुन्या लोकांचं बिघडत नव्हतं, कारण चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल बाहेर पडत असे आणि कौलांच्या फटींतून हवा खेळत असे. न्हाणी तर घरामागे, वेगळीच होती. दगडी फरशी, चुलीवर तांब्याचं भाण, सरपणाला माडाची चुडतं आणि सोडणं. रोज पहाटे पेटणारा तो विस्तव पाणी तापवायचा आणि न्हाणीही सुकवायचा. सांडपाणी पाटाने थेट केळींच्या मुळाशी जायचं.

१९९८ साली न्हाणी घरात आली. भर पावसात आजीला मागच्या दारी जाणं जमेना, म्हणून. वरती स्लॅब, भिंतींना सिमेंटचा गिलावा, चार फुटांपर्यंत टाइल्स आणि एक छोटी बंद काच. पलीकडे आईबाबांची झोपायची खोली. गेली काही वर्षं त्या सामाईक भिंतीला लोणा लागत होता, रंगाचे पापुद्रे सुटत होते, कोपऱ्यात काळे ठिपके पडत होते. बाबांना दमा आहे. डॉक्टरांनी त्या खोलीत झोपायला मनाई केली, तेव्हा दादाने फोंड्यात फ्लॅट बघायला सुरुवात केली. बाबांचा एकच प्रश्न होता, ‘‘आणि चवथीला घर बंद?’’

मी बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. मार्चमध्ये घरून काम करायची परवानगी घेतली आणि बेळगाव-चोर्ला मार्गे गावी आलो. आमच्या धंद्यात आधी बिघाड कुठे आहे ते शोधतात, मग दुरुस्ती. इथेही तेच केलं. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवला. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले, तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले, तर हवेतून. आमच्याकडे थेंब भिंतीकडे होते. म्हणजे न्हाणीच्या जमिनीतून पाणी झिरपत होतं. शिवाय आंघोळीची वाफ आत कोंडत होती, ती वेगळीच.

गवंड्यांनी टाइल्स आणि सिमेंट खरवडून काढलं आणि भिंत महिनाभर उघडी सुकू दिली. मग जमिनीला आणि भिंतीला फूटभर उंच वॉटरप्रूफिंगचा थर दिला, शॉवरच्या बाजूला डोक्याच्याही वर. टाइल्स बसवण्याआधी मोरी बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवलं आणि पातळीवर पेन्सिलची खूण केली. पाणी उतरलं नाही, तेव्हाच पुढचं काम. मीटरमागे साधारण दीड सेंटीमीटर उतार, न घसरणाऱ्या टाइल्स, आईच्या गुडघ्यांसाठी भिंतीला दांडा. जाळीखाली जो भाग बसतो, त्याला हार्डवेअरच्या दुकानात आजही ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपला शब्द प्लंबिंगच्या यादीत टिकून आहे हे पाहून बरं वाटलं.

खोलीच्या बाजूला पुन्हा चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी केली. गवंडी ऑइल पेंट सुचवत होते, पण त्याने ओल आतच अडकते. खिडकीचा आग्रह आईचा. ‘‘जुन्या न्हाणीत वारा कधी बंद नसायचा,’’ ती म्हणाली. म्हणून वर झडपांची खिडकी, बाहेर छज्जा, समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा आणि दाराखाली दोन सेंटीमीटर फट. आत हवा येणारच नसेल, तर पंखा बाहेर काय फेकणार?

अर्थात जुलैमध्ये बाहेरची हवाच इतकी दमट की पंखा न्हाणी कोरडी करू शकत नाही. तो फक्त वाफ काढतो. म्हणून आंघोळ झाली की जमिनीवर वायपर मारायचा, हा नियम घरातल्या सगळ्यांना. पूर्वी आर्द्रतामापकाचा आकडा दुपारपर्यंत ९५च्या खाली येत नसे. या पावसात तो तासाभरात पडवीतल्या आकड्याला येऊन मिळाला.

भिंतीचा खालचा हातभर भाग अजून ओलसर आहे. ते जमिनीतलं पाणी. त्यासाठी पुढच्या उन्हाळ्यात घराभोवती चर खणायचा आहे. बाबांचा पंपही उशाशी आहेच. पण पूर्ण पावसाळा ते आपल्या खोलीत झोपले, आणि चवथीला माटोळी आमच्याच घरात बांधली गेली. दादाने फ्लॅटचा विषय सध्या काढलेला नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची गावची घरं आज दुरुस्तीला आली आहेत. शहरातल्या बंद बाथरूमचा फोटो मोबाइलवर दाखवून गवंड्याला ‘असंच करा’ सांगण्याआधी एक पावसाळा त्या घरात राहून बघा. पाणी कुठून येतं आणि वारा कुठून जातो, ते घरच दाखवतं. आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, जुनी न्हाणी कशी होती.