थांबणाऱ्यांचे कोर्ट

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकारी जाळीवरून शटल टोलवण्याचा जो खेळ खेळत, त्याला ते शहराच्या नावावरून ‘पूना’ म्हणत. पुढे इंग्लंडमधील ड्यूक ऑफ ब्यूफर्ट यांच्या वाड्याचे नाव त्याला चिकटले आणि तो बॅडमिंटन म्हणून जगभर गेला. पुणे जिल्ह्यात या खेळाची परंपरा इतकी जुनी असली, तरी ती प्रामुख्याने शहराची आणि सभासदत्व असलेल्या संस्थांची परंपरा आहे. १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशी विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरलेले नंदू नाटेकर हे मूळचे सांगलीचे होते. अशा नावांमुळे बॅडमिंटनचा विचार बहुधा खेळाडू घडवण्याच्या अंगाने होतो. खेळाभोवती माणसे जमवणे आणि ती वर्षानुवर्षे टिकवणे हे मात्र वेगळे कसब आहे, आणि त्याची कसोटी पुण्यातील लाकडी तळाच्या सभागृहापेक्षा जुन्नर तालुक्यातील मढसारख्या गावात अधिक कठोरपणे लागते.

मढ हे कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर, माळशेज घाटाच्या अलीकडे आणि पिंपळगाव जोगे धरणाच्या जलाशयाच्या परिसरात वसलेले गाव आहे. पावसाळ्यात येथे उघड्यावर जाळी बांधणे व्यर्थ असते, आणि त्याच दिवसांत भाताच्या आवणीत, म्हणजे रोपांच्या लावणीत, घराघरातील हात गुंतलेले असतात. शटलचे वजन जेमतेम पाच ग्रॅम असल्यामुळे जलाशयावरून येणारी साधी झुळूकही त्याची दिशा बदलते. त्यामुळे छताखालची जागा नसेल, तर खेळाचा हंगाम भाताची कापणी-झोडणी उरकल्यावर सुरू होऊन चैत्रातील यात्रांपर्यंत चालणार, आणि खेळाची वेळ वारा पडल्यानंतरची असणार, हे गृहीत धरूनच मांडणी करावी लागते. जागतिक महासंघाने २०१९ मध्ये उघड्यावर खेळण्यासाठी ‘एअर बॅडमिंटन’ हा प्रकार आणला. त्यात वाऱ्यात अधिक स्थिर राहणारे शटल आहे आणि एका बाजूला तिघांनी खेळण्याची सोय आहे. तिघांच्या खेळात एकाच खेळाडूला लागोपाठ दोनदा शटल मारता येत नाही, त्यामुळे तरबेज खेळाडूला सारे कोर्ट व्यापता येत नाही आणि नवख्याच्या वाट्याला फटका येतोच. गावासाठी हा नियम मोलाचा आहे.

खरा प्रश्न मात्र कोर्टाबाहेर थांबलेल्यांचा असतो. दुहेरीचे कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद असते व त्यावर एका वेळी चौघेच मावतात. बारा जण जमले, तर आठ जण कायम बाहेर असतात. या आठ जणांचा वेळ कसा जातो, यावर मंडळी उद्या येणार की नाही हे ठरते. २००६ पूर्वी सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळत असल्याने गेम किती लांबेल याचा अंदाज नसे. आता प्रत्येक रॅलीला गुण मिळतो आणि २१ गुणांचा गेम साधारण पाव तासात आटोपतो, त्यामुळे बाहेरच्यालाही आपली पाळी केव्हा येईल ते कळते. तीन गेमची पूर्ण लढत स्पर्धेत शोभते, रोजच्या खेळात ती थांबलेल्यांवर अन्याय करते. ‘जिंकेल तो राहील’ ही सर्वत्र आढळणारी रीतही तशीच घातक आहे, कारण तिच्यामुळे चांगली जोडी तासभर आत राहते आणि ज्यांना खेळाची सवय लागायला हवी तेच दहा मिनिटांत बाहेर पडतात. गर्दी असेल तर एका गेमनंतर चौघांनीही उतरावे, आणि गर्दी नसेल तर जिंकलेली जोडी दोन गेमनंतर फोडून तिच्यातील एकेकाला नवख्याबरोबर द्यावे, हा नियम पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगावा लागतो. नंतर घातलेला नियम कोणाच्या तरी विरुद्ध घातल्यासारखा वाटतो.

पाळी मान्य करण्याची सवय या भागाला नवी नाही. जुन्नर-आंबेगावच्या यात्रांमधील बैलगाडा शर्यतीत घाटात, म्हणजे गाडे पळवण्याच्या चढाच्या धावपट्टीवर, प्रत्येक गाड्याची बारी ठरलेली असते आणि नामांकित गाडामालकालाही ती येईपर्यंत थांबावे लागते. २०१४ च्या न्यायालयीन निर्णयाने थांबलेल्या या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळून पुन्हा सुरू झाल्या, तरी मधल्या वर्षांत घाटाची शिस्त कोणी विसरले नव्हते. बैलगाड्याभोवती जमणारे गाव वर्षातून एकदा जमते; बॅडमिंटनला मात्र तीच शिस्त रोज संध्याकाळी लागते, आणि तीही प्रेक्षकांविना.

पैशाचा भाग त्या मानाने सोपा आहे. जाळी, खांब आणि दिवे यांची वर्गणी सारखी असावी, विद्यार्थ्यांची निम्मी असावी, आणि रोजच्या खेळाला पिसांऐवजी नायलॉनचे शटल वापरावे, कारण ते कितीतरी अधिक टिकते. शटलचा खर्च हरणाऱ्यावर टाकण्याची पद्धत मात्र टाळलेली बरी. तिने सर्वांत आधी नवखा गळतो.

स्त्रियांचा आणि मुलींचा सहभाग सदिच्छेने वाढत नाही, तो वेळापत्रकाने वाढतो. संध्याकाळची धार, डेअरीला दूध घालणे आणि स्वयंपाक यांच्या मध्ये जो मोकळा वेळ सापडतो, तो बहुधा पुरुषांच्या सोयीच्या वेळेशी जुळत नाही. म्हणून तो आधी विचारून घ्यावा, त्या वेळेचे कोर्ट त्यांच्या नावे राखावे, आणि सुरुवातीला दोघीच आल्या तरी ते दुसऱ्यांना देऊ नये. घरी परतण्याच्या वाटेवर उजेड नसेल तर राखलेली वेळही रिकामी जाते, त्यामुळे वर्गणीतून घ्यायचा पहिला दिवा कोर्टावर लावायचा की त्या वाटेवर, हे त्यांनाच विचारून ठरवावे.