तयार प्रोजेक्ट कितीला पडेल?

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरचा फोन दोन-तीन आठवडे थांबत नाही. आयुष्याची अठ्ठावीस वर्षे यंत्र अभियांत्रिकी शिकविण्यात गेल्यामुळे समाजातील आप्तेष्ट हक्काने विचारतात, ‘अण्णा, मुलाला कोणत्या कॉलेजला घालावे? नोकऱ्या कुठे चांगल्या लागतात?’ प्रश्न रास्त आहेत. चार वर्षांची फी आणि वसतिगृहाचा खर्च म्हणजे एखाद्या लहान दुकानाचे भांडवलच. परंतु चौथ्या वर्षी याच घरांतून जो दुसरा प्रश्न येतो, तो मला अस्वस्थ करतो : ‘अण्णा, प्रोजेक्ट तयार मिळतो म्हणे. कितीला पडेल?’

मिळतो, हे खरे आहे. यंत्राची प्रतिकृती, बांधलेला अहवाल, इतकेच काय, तोंडी परीक्षेतील संभाव्य प्रश्नांची उत्तरेही मिळतात. चार मुले वर्गणी काढतात, टेबलावर यंत्र फिरते, परीक्षक मान हलवितात. ज्या व्यापाऱ्याने आयुष्यात पारखल्यावाचून एक पोते उचलले नाही, तो इथे मात्र पोते न उघडताच माल घेतो!

आपल्या घरांतून मुलगा व्यापार कसा शिकत असे, हे आठवून पाहावे. आमच्या आजोबांनी थोरल्या बंधूंना कोवळ्या वयातच सांगलीच्या पेढीवर बसविले. आधी रोजकीर्द, मग खतावणी, आणि एके दिवशी अचानक, ‘आजचा लॉट तू घे.’ त्यांना शिकविले कोणी? आजोबांनी थोडे, मुनीमजींनी त्याहून थोडे अधिक; पण हळकुंड मोडताना येणाऱ्या खणखणीत आवाजावरून ते नीट वाळले आहे की नाही हे कसे ओळखावे, ते शिकविले शेजारच्या पेढीवरील दोन वर्षांनी मोठ्या मुलाने. ते त्याला नुकतेच उमगले होते, म्हणून सांगता आले. मुनीमजी तर म्हणत, ‘त्यात सांगायचे काय? ऐकू येतेच की!’

नेमका हाच अनुभव हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविणारे एरिक माझूर यांना १९९० च्या दशकाच्या आरंभी आला. सूत्रे घालून अवघड गणिते सोडविणारी त्यांची मुले एका साध्या प्रश्नावर अडत : अवजड ट्रक आणि लहान मोटार यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर अधिक बल लावते? (दोन्ही बले सारखीच असतात. न्यूटनचा तिसरा नियम मुलांना तोंडपाठ होता.) एकदा परोपरीने समजावूनही चेहरे कोरेच राहिले, तेव्हा त्यांनी मुलांना आपापसांत चर्चा करावयास सांगितले. वर्गात गोंधळ माजला आणि काही मिनिटांत उलगडा झाला. पुढे त्यांनी याचीच पद्धत बसविली. आधी प्रत्येकाने स्वतंत्र उत्तर द्यावयाचे, मग शेजाऱ्याला ते पटवून देण्याचा प्रयत्न करावयाचा आणि नंतर पुन्हा उत्तर द्यावयाचे. जाणत्या शिक्षकाला आपण स्वतः कुठे अडलो होतो याचा विसर पडलेला असतो. सोबत्याला तो पडलेला नसतो.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून एकाच अग्निबाणाने वीस उपग्रह सोडण्यात आले. त्यांतील जेमतेम एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ हा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविला होता. वीज न वापरता, चुंबकांच्या साहाय्याने दिशा धरून राहण्याची त्याची योजना होती. काम सुरू झाले होते २००८ मध्ये. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि काम आठ वर्षांचे! ज्यांनी आरंभ केला ते केव्हाच बाहेर पडले होते. प्रत्येक तुकडीने आपले काम धाकट्यांना शिकवून सोपविले नसते, तर तो उपग्रह कपाटातच राहिला असता.

अवकाशापर्यंत जाण्याचीही गरज नाही. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बंधूंच्या मुलाने प्रोजेक्ट विकत घ्यावयाचे नाकारले आणि घरचीच अडचण निवडली. पॉलिशच्या ड्रममध्ये हळकुंडे एकमेकांवर व जाळीवर घासली जातात, साल आणि मुळ्या सुटतात, आणि गोदामभर पिवळी धूळ उठते. काम करणाऱ्या बाया तोंडाला पदर बांधतात. ही धूळ धरावयाची, असे चौघांनी ठरविले. पत्र्याच्या शंकूत हवा गरगर फिरविली की जड कण कडेला फेकले जाऊन खाली पडतात, हे पुस्तकात होते. मुळ्यांचे पुंजके नळीच्या वळणात अडकून सारे बंद पडते, हे पुस्तकात नव्हते. वाट काढली ती वाळव्याकडच्या शेतकरी घरातील मुलीने. मळणीच्या वेळी हलके-जड कसे निराळे पडते, हे तिने लहानपणापासून पाहिले होते. शंकूच्या आधी एक रुंद पेटी ठेवू, तिथे हवा मंदावेल आणि मुळ्या खाली बसतील, असे तिने सुचविले. मिरजेच्या फॅब्रिकेशनवाल्याच्या मुलाने ती दोन दिवसांत जोडून दिली. आमच्या पुतण्याला द्रवगतिशास्त्रात उत्तम गुण होते. पंख्याचा जोर नळीत नेमका कुठे खर्च होतो, हे मात्र त्याला त्या गोदामात, सोबत्याशी भांडताना कळले.

जाड धूळ धरली गेली. बारीक धूळ धरण्यासाठी कापडी पिशवी लावताच पंखा अपुरा पडला. ते काम अर्धे राहिले. विकतच्या प्रोजेक्टवाल्या गटाला दोन गुण अधिक मिळाले. बंधू संतापले, ‘चार महिने धूळ खाल्ली, आणि वर गुण कमी!’ त्यांचा संताप मी समजू शकतो. तरी पुढे मुलाखतीत पुतण्याने अर्धा तास त्या अडकलेल्या नळीविषयीच सांगितले, आणि ऐकणारे ऐकत राहिले.

गटाने शिकण्यात एक दोष आहे, तो लपवू नये. एक राबतो आणि तिघे नाव लावतात. यावर मी वापरलेला उपाय साधा होता : तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याच्या कामाविषयी विचारावयाचे. जो सोबत्याचे काम समजावून देऊ शकत नाही, तो त्या गटात नव्हताच. अर्थात, असे विचारावयाचे तर शिक्षकापाशी वेळ हवा. एकेका शिक्षकाकडे दहा-पंधरा गट सोपविणाऱ्या महाविद्यालयात तो मिळत नाही.

म्हणून आता कोणी विचारले, की मी म्हणतो, कॉलेज पाहावयास जाल तेव्हा कार्यशाळा संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते, ते विचारा. गेल्या वर्षीचे प्रोजेक्ट कुठे ठेवले आहेत, ते दाखवावयास सांगा, आणि ते ज्यांनी केले त्यांच्यापैकी एकाशी बोला. आणि आपल्या डाळमिलमध्ये, गोदामात, कापडाच्या दुकानात वर्षानुवर्षे छळणारी एखादी अडचण असेल, तर ती जवळच्या महाविद्यालयातील मुलांपुढे मांडा. थोडा पत्रा, एखादी मोटार आणि दुपारचा चहा, एवढाच खर्च येतो.

यंदा तिसऱ्या वर्षाची तीन मुले कापडी पिशवीचे राहिलेले काम पुढे नेणार आहेत. पुतण्या दोन रविवार येऊन त्यांना वही समजावून देणार आहे. बंधूंनी गोदामाची किल्ली देण्याचे कबूल केले आहे. अट एकच : हंगामात, आवक जोरात असताना यावयाचे नाही.