पावसाळा वगळून

४ जुलै
आज प्रॅक्टिकलला पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन. होस्टेलमागच्या तळ्याची एक बाटली उजाडायच्या आत भरायची, दुसरी दुपारी तीनला, असं मॅडमनी बजावलं होतं. "बुडबुडा राहिला तर हवेतलाच ऑक्सिजन मोजत बसाल," हे लॅबमधल्या काकांचं पालुपद. मँगनस सल्फेट घातलं, मग अल्कली आयोडाइड. दुपारच्या बाटलीत गडद तपकिरी साका भराभर खाली बसला. पहाटेच्या बाटलीत जेमतेम, तोही फिकट. मग आम्ल, आणि स्टार्चचा निळा रंग उडेपर्यंत थायोसल्फेटचे थेंब.

तळं एकच. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री शेवाळासकट सगळे मिळून तो संपवतात. आंघोळीच्या पाण्याचा निकष लिटरला किमान ५ मिलिग्रॅम. दुपारी तळं आरामात पास, पहाटे नापास. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आकड्याशेजारी वेळ लिहा. न लिहिणाऱ्याचं जर्नल मी तपासणार नाही."

८ जुलै
बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप. पुस्तकात २० अंशांवर पाच दिवस. पाचच का? ब्रिटनमधल्या नद्यांचं पाणी तेवढ्यात समुद्राला मिळतं म्हणून, असं सांगतात. आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस धरतात. कुणीतरी आपल्या हवेचा विचार केला म्हणायचा!

दुपारी धोरणाचा तास: १४ सप्टेंबर २००६ ची ईआयए, म्हणजे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना. निम्मा वर्ग पेंगत होता. अधिसूचनेचं गद्य आहेच तसं. मला जाग आली ती तिच्याखाली प्रकल्पाने काय अभ्यासायचं हे सांगणाऱ्या संदर्भ-अटींतल्या एका अटीपाशी. हवा, पाणी, माती, झाडंझुडपं यांची मूळ स्थिती बहुतेक प्रकल्पांसाठी एकाच ऋतूत नोंदवली तरी चालते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून. हवेपुरतं हे शहाणपणाचं आहे. पावसात धूळ खाली बसते, मग कुठल्याही क्रशरशेजारची हवा महाबळेश्वरसारखी दिसणार. पण झाडांनाही तोच नियम?

१९ जुलै, देवगड
मावशीकडे. मे महिन्यात इथल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गेले होते तेव्हा नुसता काळा जांभा, चटके आणि सुकलेल्या गवताची खुंटं. शेजारच्या काकी तेव्हा म्हणाल्या होत्या, "पावसात ये, मगे बघ."

आज तिथेच गुडघे टेकून बसायला जागा शोधावी लागली. खळग्याखळग्यात पाणी, त्यात बेडकांची अंडी. कडेला गेंदाची पांढरी बटणं, सीतेच्या आसवांचे जांभळे ठिपके. ही आसवं मांसाहारी आहेत, यावर मावशीचा विश्वास बसेना. माती बोटभरसुद्धा खोल नाही, तिच्यात नायट्रोजन अगदी कमी. म्हणून ही वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव इवल्या पिशव्यांत ओढून घेते. भिंगाखाली पिशवी धरली, आत काहीतरी वळवळत होतं. मावशी म्हणाली, "अरे देवा, आणि नाव सीतेचं!"

पुढे दीपकाडी दिसली. सरळ दांडा, पांढरी फुलं. ही कोकणातल्या जांभ्यावरची. पाऊस ओसरला की कांदा जमिनीत दडून बसतो, वर मागमूस नाही. कास पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारशात जागा मिळाली, तिथे आता तिकीट काढून रांगा लागतात. हे सडे मात्र सातबाऱ्यावर पोटखराब. काकींच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी असतं ते याच पोटखराबातून झिरपून आलेलं.

२२ ऑगस्ट
वर्गात नाटकातली जनसुनावणी. प्रकल्प काल्पनिक: सड्यावर खाण. कुणी जिल्हाधिकारी, कुणी प्रदूषण मंडळ, कुणी ग्रामस्थ. चिठ्ठीत मला आला कंपनीचा सल्लागार. बीडची रूममेट ग्रामस्थ झाली आणि पदर खोचून भांडली.

फाइल मी चोख केली होती. नोटीस ३० दिवस आधी, सारांश मराठीत, चित्रीकरणाची सोय, कोरमची अट मुळात नाहीच. जीवसृष्टीची पाहणी मार्च ते मे. निष्कर्ष, 'विरळ गवत, दुर्मीळ प्रजाती आढळल्या नाहीत.' रूममेटने विचारलं, "पावसात आला होतात का?" मी शांतपणे म्हटलं, "नियमानुसार ती आवश्यकता नाही." वर्ग हसला. पण मॅडमनी गुण मलाच जास्त दिले, कारण माझ्या कागदात खोट नव्हती. एक शब्दही खोटा नव्हता, हेच मला चावतंय. अशा अहवालावर खोटेपणाचा आरोप करणारे हरतात. प्रश्न कॅलेंडरचा आहे. 'सड्यांसाठी पावसाळी पाहणी सक्तीची' एवढी एक ओळ संदर्भ-अटींत घालायला कायदा बदलावा लागत नाही, तज्ज्ञ समितीने मनावर घेतलं तरी पुरे. रूममेट म्हणते, ती एक ओळ घालून घ्यायलाच दहा वर्षं जातील. जातीलही.

२९ ऑगस्ट
प्रबंधाचा विषय सांगितला: सड्यावरच्या वनस्पती, मे आणि पावसाळा यांची तुलना. गाइड खूश. मग त्यांनी विभागाचं वेळापत्रक पुढे केलं. विषयाला मंजुरी डिसेंबरात, क्षेत्रकाम जानेवारी ते एप्रिल, जूनच्या आधी तोंडी परीक्षा. म्हणजे आमचंही तेच, पावसाळा वगळून! सरांनाही हसू आलं. "अधिकृतपणे मी आत्ता काही सांगू शकत नाही," ते म्हणाले, "पण जुनी आकडेवारी वापरायला विभागाची हरकत नसते. तारीख, वेळ आणि जीपीएस मात्र प्रत्येक नोंदीला हवं."

संध्याकाळी झाडं मोजायच्या चौकटीसाठी हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइप कापून आणला, एक मीटरचे चार तुकडे आणि कोपरे. शुक्रवारी रात्रीची देवगडची एसटी. मावशीला फोन केला तर म्हणाली, चौकट सड्यावर ठेवून लांब जाऊ नकोस, गुरं लाथाडतील.