आमच्या ट्रकचे दाते

आमच्या आबांचा ट्रक १९७२ सालचा आहे. माझ्या बाबांपेक्षाही तो मोठा आहे. यंदा त्याचं इंजिन फार खडखड वाजू लागलं. काका म्हणाले, "आबा, भंगारात द्या आता." आबा काहीच बोलले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मिस्त्री आले. त्यांनी रेडिएटर काढला, मग इंजिनाचं पुढचं झाकण उघडलं. आत टायमिंगचे गिअर होते. त्यांचे दाते झिजले होते. माझे दात पडले तर नवे आले. गिअरचे येत नाहीत. नवे गिअरच आणावे लागतात.

क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा होतो. म्हणून कॅमच्या गिअरला दुप्पट दाते असतात. मी मोजून पाहिले, खरंच दुप्पट भरले! दोन्ही गिअरवर खुणा असतात. त्या समोरासमोर बसल्या पाहिजेत. नाहीतर व्हॉल्व्ह भलत्या वेळी उघडतो आणि पिस्टन त्याला धडकतो. आबांना आता बारीक दिसत नाही. मी त्यांचं बोट धरून खुणांवर ठेवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे."

मिस्त्रींनी आधी हाताने इंजिनाला दोन फेरे दिले. कुठे अडलं नाही. मग चालू केलं. खडखड गेली होती. काकांनी भंगारवाल्याला 'येऊ नका' असा निरोप धाडला.

मित्रांनो, झिजलेलं असेल तेवढंच बदलावं. सगळं टाकून देऊ नये.

– इयत्ता ४ थी