घाटाखालचे परकेपण

विधिशिक्षणास आंतरराष्ट्रीय वळण द्यावे असा आग्रह विद्यापीठांतून ऐकू येतो आणि त्याची परिणती बहुधा परदेशस्थ प्राध्यापकाच्या एखाद्या व्याख्यानात होते. आमच्या सुप्याकडील विद्यार्थ्यास मात्र दुसरे न्यायविश्व पाहावयाचे तर अनमोडचा घाट उतरला की पुरे. (जुने सुपा गाव काळी नदीच्या जलाशयाखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, जुन्या माणसांच्या तोंडी नाव अजून सुप्याचेच.)

दोन बहिणी घ्या. भाषा एक, कुलदैवत एक. थोरली सुप्यास दिली, धाकटी घाटाखाली काणकोणास. थोरलीच्या घरी 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा. तिचा सासरा स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राने कोणासही देऊ शकतो. धाकटीच्या घरी 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा: विवाहापूर्वी निराळा करार नसेल तर पतिपत्नींची मिळकत सामाईक, दोघांचा वाटा निम्मा निम्मा, आणि मुलांसाठी राखीव असलेल्या अर्ध्या भागास मृत्युपत्राचा हात लागत नाही. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला. 1962 च्या केंद्रीय अधिनियमाने तेथील कायदे चालू ठेवले. उत्तराधिकाराची कलमे पुढे गोव्याच्या 2012 च्या अधिनियमात आली, राखीव अर्धा मात्र राहिला.

एवढ्यावरून गोव्याच्या संहितेची आरती ओवाळण्याचे कारण नाही. हिंदूंच्या रूढींविषयीच्या 1880 च्या हुकुमाने, पत्नीस तिसाव्या वर्षापर्यंत पुत्र न झाल्यास पतीला दुसऱ्या विवाहाची सशर्त मुभा दिली होती. तौलनिक अभ्यासात हेही वाचावयास हवे. नाहीतर तो अभ्यास नव्हे, यात्रा होते.

आम्हांस हा विषय इंग्लंडमधील खटल्यांवरून शिकविला गेला. अधिवास म्हणजे काय, हे स्कॉटलंडच्या सरहद्दीवर कळले. गोव्याच्या सरहद्दीचा उल्लेखही नव्हता. 2019 मध्ये, गोव्यात अधिवास असलेल्या गृहस्थाच्या मुंबईतील मिळकतीवरून सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, ही संहिता परकीय नसून भारतीय कायदाच होय आणि अशा माणसाच्या भारतातील कोणत्याही मिळकतीच्या वारसाहक्कास तीच लागू होते.

तेव्हा वर्गात प्रश्न असा घालावा: काणकोणात अधिवास असलेल्या गृहस्थाने सुप्यातील भातशेत मृत्युपत्राने सर्वस्वी धाकट्या मुलास दिले, थोरल्या मुलीला काय मिळेल? बायकोचा अर्धा भाग आधी वेगळा काढावयाचा की नाही? उत्तरासाठी घाट दोन्ही बाजूंनी चढावा लागतो, आणि पणजीच्या जुन्या दस्तांपुरती तरी पोर्तुगीज शिकावी लागते.