कॅव्हेंडिश ते केयी : खानदेशी बागेचा धागा

या धाग्यावर आजवर किल्ले आले, ताम्रपट आले, बखरींची भांडणेही आली. आज एका फळाचा इतिहास मांडायचा आहे. तो मांडताना थोडे घरचे बोलणे अपरिहार्य आहे, कारण हे फळ माझ्या आजोळच्या अंगणापासून शंभर पावलांवर पिकते. फळ म्हणजे केळे. आमच्या लेवा गणबोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून ‘केयी’.

आजोळ यावल तालुक्यातले. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि या दोहोंमध्ये खोल गाळाच्या काळ्या जमिनीचा पट्टा. रावेर, यावल, चोपडा हे तालुके या पट्ट्यातले. पश्चिमेकडे धुळे जिल्ह्यातले शिरपूरही त्याच रांगेत. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांकडे झुकलेला असतो आणि रस्त्यावर चिटपाखरू नसते. पण बागेत चार पावले आत गेले की उजेडच हिरवा होतो. पायाखाली ओल, डोक्यावर एकमेकांत गुंतलेली पाने, वाऱ्याने ती फाटल्याचा कागदासारखा आवाज. बागेच्या कडेने उष्ण वारा अडवायला शेवरी किंवा गजराज गवत लावलेले असते. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग कधीच जात नाही, म्हणून बागेत जायचे कपडे प्रत्येक घरात वेगळे असतात. बाहेरगावी जाणारा माल हिरवाच कापतात. घरच्यासाठी मात्र आजी एखादी फणी धान्याच्या पोत्यात पुरून ठेवायची. चार दिवसांनी कोठीच्या खोलीचे दार उघडले की आधी वास येई, मग फळ दिसे. पुण्या-मुंबईच्या हातगाडीवरचे पिवळेधमक केळे मी खाते, पण त्याला तो वास नाही. हा प्रादेशिक दुराग्रह समजून सोडून द्यावा.

आता इतिहास. ‘जळगावची केळी’ हे शब्द आपण जितक्या सहजतेने उच्चारतो, तितक्या सहजतेने त्या केळीचे कुळ सांगता येत नाही. खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या लावली गेलेली जात म्हणजे बसराई. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत ती बुटकी कॅव्हेंडिश. आणि कॅव्हेंडिश हे नाव आहे इंग्लंडमधल्या एका सरदार घराण्याचे.

ही गोष्ट रंजक आहे, म्हणून सविस्तर सांगते. या केळीचे मूळ दक्षिण चीनकडचे. तिथून ती मॉरिशसला आणि मॉरिशसहून १८३० च्या सुमारास इंग्लंडला पोहोचली. डेव्हनशायरचे सहावे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश यांच्या चॅट्सवर्थ येथील वाड्यात जोझेफ पॅक्स्टन हे प्रमुख माळी होते. (हेच पॅक्स्टन पुढे १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी स्फटिक महालाची रचना करतात.) त्यांनी ते रोप ऊब दिलेल्या काचघरात वाढवले. नोव्हेंबर १८३५ मध्ये त्याला फूल आले, पुढच्या वर्षी फळे धरली, आणि धन्याच्या सन्मानार्थ त्याचे नामकरण झाले : मुसा कॅव्हेंडिशी. काही वर्षांतच जॉन विल्यम्स या धर्मप्रचारकाबरोबर ही केळ पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर गेली.

त्याच १८३५ साली इकडे खानदेशात काय चालले होते? १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर खानदेश कंपनी सरकारकडे गेला होता. १८२५ पासून धरणगावच्या आसपास भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स औट्रम याच वर्षी खानदेश सोडून गेला. म्हणजे चॅट्सवर्थच्या काचघरात केळफूल उमलत होते तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी एका नव्या राजवटीची घडी बसत होती. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. तरीही मला त्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात, कारण ‘अस्सल स्थानिक’ या शब्दावर माझा जो थोडाफार अविश्वास आहे, तो इथून सुरू होतो.

मग या फळात इथले काय आहे? माझे उत्तर आहे : पाणी. आणि ते पाणी मिळवण्याची रीत.

हे समजायला थोडे धुळ्याकडे जावे लागते. पांझरेच्या काठी काही शतके चालत आलेली फड पद्धत आपल्यापैकी अनेकांनी पाठ्यपुस्तकात एका ओळीत वाचली असेल. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे काही फड. एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यायचे; पुढच्या वर्षी पिकांची फिरवाफिरव. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. एखाद्याच्या मनात आले म्हणून त्याने आपल्या तुकड्यात मनाजोगे पीक लावायचे, ही मुभा तिथे नव्हती. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद चाळताना मला या व्यवस्थेचे फार अप्रूप वाटत आले आहे. तिला स्वप्नवत समतेचा रंग देण्याचे कारण नाही. गावातल्या उतरंडी पाटाच्या काठाशी येऊन विरघळत नसत. परंतु पाणी सर्वांच्या डोळ्यांसमोरून वाहत होते, आणि कोणाच्या वाट्याला किती गेले हे सर्वांना दिसत होते.

तापीकाठची केळ या व्यवस्थेत वाढलेली नाही. तिला बारमाही पाणी लागते. फडाची फिरवाफिरव आणि पाटाची पाळी तिला मानवत नाही. ती वाढली विहिरीवर. विहीर एकाची, जमीन एकाची, निर्णय एकाचा. मोटेच्या काळात या निर्णयालाही मर्यादा होती. दोन बैल आणि कातड्याची मोट दिवसभरात जेवढे पाणी उपसतील, तेवढीच बाग. बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) याच जिल्ह्यातल्या आसोद्याच्या. त्यांच्या गाण्यांतली शेती आठवून पाहा : पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी आणि मोट. ती धान्याची शेती आहे, खळ्याची शेती आहे. आज जळगाव म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येते, ते या खळ्यावर पुढे इंजिनाने आणि नंतर विजेच्या मोटरीने चढवलेले आहे.

दुसरा हात लोहमार्गाचा. १८६० च्या दशकात लोहमार्ग भुसावळला पोहोचला तो प्रामुख्याने कापसासाठी आणि देश जोडण्यासाठी. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता मार्ग जबलपूरमार्गे पुरा झाला. हा मार्ग भुसावळहून बऱ्हाणपूरकडे जाताना सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवरून जातो. कापसाला दोन दिवस उशीर झाला तर बिघडत नाही, केळीला बिघडते. तरीही याच स्थानकांतून पुढे केळीच्या वाघिणी दिल्लीकडे जाऊ लागल्या. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना फैजपूर ठाऊक असते ते डिसेंबर १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे : खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची. आज त्या रस्त्याने गेलात तर केळीने भरलेल्या मालमोटारींच्या मागे अर्धा तास अडकून पडाल. अधिवेशनाविषयी विचार करायला तेवढा वेळ पुरतो.

१९९० च्या दशकात बागेत शिरली ग्रँड नैन. फ्रेंचमध्ये या नावाचा अर्थ ‘थोरली बुटकी’ असा काहीसा विसंगत आहे. आमच्याकडे कुणी ते नाव घेत नाही, सगळे ‘जी-नाईन’ म्हणतात. हीदेखील कॅव्हेंडिश कुळातलीच. जळगावच्या जैन इरिगेशनने ऊतिसंवर्धित रोपे आणि ठिबक सिंचन यांची जोडी शेतकऱ्यांपर्यंत नेली. बसराईला कापणीपर्यंत जवळपास १८ महिने लागत. ही ११-१२ महिन्यांत येऊ लागली. घड मोठा, फण्या सारख्या, निर्यातीच्या खोक्यात नीट बसणाऱ्या. ठिबकमुळे थेंब मोजून देता येऊ लागला.

हरवले काय? मुनवे. बसराईच्या काळात नवी बाग लावायची तर जुन्या, निरोगी बागेतून मुनवे काढून आणत. चांगली बाग असलेल्या सोयऱ्याकडे त्यासाठी शब्द टाकावा लागे. आजी सांगायची की तिच्या माहेरची बाग तिच्या आधी सासरी आली होती; मुनव्यांनी भरलेली बैलगाडी लग्नाच्या बोलणीच्या हंगामातच तिच्या वडिलांनी पाठवली होती. कोणती बाग कोणाकडून आली हे गावात सर्वांना ठाऊक असे. आता रोप प्रयोगशाळेतून येते, त्याची पावती मिळते आणि वंशावळ सांगायची गरज उरत नाही. मी याचा शोक करत नाही. मुनव्यांबरोबर रोगही सोयरिकीत येत असत. पण सामाजिक इतिहासाचे एक साधन बंद झाले, एवढी नोंद अवश्य करीन.

२०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. नोंदणी रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावे आहे. (जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही त्याच वर्षी मिळाले, आणि केळीच्या पानावर भरीत खाणाऱ्या आम्हा मंडळींना तो दुहेरी सण वाटला.) २०२१ च्या जून महिन्यात तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली. मानांकन मुळात भूमीशी बांधलेले असते, ही गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते. जात चीनची, नाव इंग्रज सरदाराचे, रोप प्रयोगशाळेचे, आणि तरी कायदा सांगतो की हे फळ जळगावचे. कायद्याशी मी सहमत आहे.

मात्र ही सहमती बाजारात भाव देत नाही. केळीच्या भावाची आमच्याकडे स्वतंत्र परिभाषा आहे : नव्या लागणीची ती नवती, खोडव्याची ती पिलबाग, निवडीतून मागे राहिलेली ती वापसी. मूळ भावावर ‘फरक’ म्हणून काही रक्कम चढते. बोर्डावर एक भाव लागतो आणि बांधावर दुसराच बोलला जातो. मग रावेरचा शेतकरी बऱ्हाणपूरच्या लिलावाचा भाव फोनवर विचारतो. पिकलेले फळ थांबत नाही, हे व्यापाऱ्याला ठाऊक असते आणि शेतकऱ्यालाही. मोलभाव होतो तो या एकाच वाक्याभोवती.

आता ज्यासाठी हा धागा लिहायला घेतला, ते. केळीला बी नसते. प्रत्येक झाड आधीच्या झाडाची प्रत असते. शंभर एकरांत एकच व्यक्ती लाख वेळा उभी असावी, तशी बाग असते. एकाला जो रोग मारतो तो सर्वांना मारू शकतो. मध्य अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्रो मिशेल ही जात निर्यातीवर राज्य करीत होती. पनामा मर रोगाने ती उद्ध्वस्त झाली आणि त्या रोगाला दाद न देणारी म्हणून कॅव्हेंडिश तिच्या जागी आली. आता त्या रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि गेल्या दशकात तो बिहारच्या बागांत आढळला आहे. आमच्याकडे सध्या छळतो तो ‘हरण्या’, म्हणजे मावा किडीमार्फत पसरणारा विषाणू. पानांवर पिवळे पट्टे दिसले की झाड उपटून नष्ट करणे एवढाच उपाय. मामांनी एका पावसाळ्यात दोन महिन्यांची लागण ओळीच्या ओळी उपटून काढली. त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलले नाही.

आणि पाणी. आजोबांच्या काळी विहिरीची खोली परसांत सांगत. आज कूपनलिकेची शेकडो फुटांत सांगतात. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, त्यातून पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या गाळाच्या थरांत साठते. मुरते त्याहून अधिक आपण उपसत आलो. ठिबकने प्रत्येक झाडाचे पाणी वाचले, आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी झाडे लागली. फडात पाणी दिसत होते. इथे ते जमिनीखाली आहे, शेजाऱ्याने किती घेतले हे आपली मोटर कोरडी चालू लागल्यावरच समजते. पाटकरी नेमायचा तर कुठे उभा करायचा?

तापी मेगा रिचार्ज या योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये झाला. तापीचे पाणी वळवून सातपुड्याच्या पायथ्याच्या याच पट्ट्यात मुरवायचे, अशी कल्पना. मामांना ती बातमी मी वाचून दाखवली. त्यांनी पूर्ण ऐकली, दोन प्रश्न विचारले : पाणी कोणत्या गावापासून सुरू होणार, आणि मुरलेले पाणी कोणाचे? पहिल्याचे उत्तर नकाशात सापडेल, असे मी म्हणाले. दुसऱ्यावर आम्ही जेवणापर्यंत वाद घातला. यंदा त्यांनी निम्म्या क्षेत्रात केळी ठेवली आहे, कांदेबाग. उरलेल्या निम्म्यात हरभरा पेरला आहे. मुनवे विकत मिळत नाहीत म्हणून बसराईची जी चार झाडे आजीने परसात लावली होती, त्यांना मात्र भांडी घासल्याचे पाणी अजून जाते.